नाव धाराशिव झालं, पण तेरच्या पांढरीचं काय?

तेरणाकाठ

धागा राजकारणात टाकावा की इतिहासात हे कळेना, म्हणून चावडीवर टाकतोय. मी धाराशिवचा रहिवासी. कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता नाही, कुणाच्या बॅनरवर माझा फोटो नाही. मतदान मात्र आजवर चुकवलेलं नाही, आणि आता त्याचाच वैताग आलाय.

२०१९ला एका युतीला मत दिलं. पुढच्या पाच वर्षांत राष्ट्रपती राजवट पाहिली, भल्या सकाळचा शपथविधी पाहिला, तीन पक्षांचं सरकार पाहिलं. मग सुरत-गुवाहाटी झालं आणि वर्षभरात दुसराही पक्ष फुटला. २०२४ला आमच्या चुलत्यांना चिन्ह कोणतं, माणूस कोणता आणि तो सध्या कुणाबरोबर आहे हे वहीवर लिहून द्यावं लागलं. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, "मग मी आधी दिलेलं मत आता कुणाकडंय?" उत्तर कुणाला येत असेल तर इथे टाका.

हे झालं मुंबईचं. इथे खाली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि वर्षानुवर्षं प्रशासक बसला. सदस्यच नव्हते, तर गाऱ्हाणं सांगायचं कुणाला? मराठवाडा विकास मंडळाची मुदत त्याआधीच, ३० एप्रिल २०२०ला संपली होती. ते परत आणण्याच्या घोषणा ऐकल्या, त्याचंही पुढे काही दिसलं नाही.

पण नाव झालं! २९ जून २०२२ला मंत्रिमंडळाने उस्मानाबादचं 'धाराशिव' मंजूर केलं आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. नवीन सरकार आलं, त्यांनी १६ जुलैला तेच नाव पुन्हा मंजूर केलं. म्हणजे एकाच नावाचे पेढे तीन आठवड्यांच्या आत दोनदा वाटले गेले, वाटणारे वेगळे. फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्राची संमती आली, मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या. मला नावाचं वावडं नाही, आमच्या घरात आजोबांपासून धाराशिवच म्हणतात. पण ज्या इतिहासाच्या नावाने हे सगळं चाललं, तो इतिहास याच जिल्ह्यात तेरला पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांच्या, मातीत पडलाय, आणि तिकडे कुणी ढुंकून बघत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय की भडोचपासून वीस दिवस दक्षिणेला पैठण आणि तिथून दहा दिवस पूर्वेला तगर, फार मोठं शहर. तगरहून सुती कापड भडोचला जायचं, तलम मलमलसुद्धा. आधी हे तगर कुणी देवगिरी म्हणायचं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१मध्ये फ्लीट या इंग्रज अभ्यासकाने ते तेर असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी ते पक्कं झालं. ठाणे, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर, तिन्हीकडचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवायचे. कोकणात राज्य करायचं आणि बिरुद तेरणेकाठच्या गावाचं लावायचं!

मी सुट्टीला तेरला जातो. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी बैराग टेकडीच्या उतारावर माती धुऊन खापरं वर आलेली असतात. आतून काळी, बाहेरून लाल अशी. शंखाच्या बांगडीचे तुकडे, कधी ज्वारीच्या दाण्याएवढा लाल मणी. पाणी वाहून गेलेल्या घळीत उभं राहिलं की कडेला थर दिसतात: राख, चिखल, विटांचा चुरा, पुन्हा राख. आणि दर वर्षी घळ रुंद झालेली असते. काही ठिकाणी तर पावसाचं कामच नाही, जेसीबीने सरळ कापलेलं आहे.

मी एका कार्यालयात अर्ज दिला. तिथून दुसरीकडे धाडलं. दुसरीकडच्या साहेबांनी विचारलं, "तुमची जमीन आहे का तिथे?" नाही म्हटलं. "मग तुमचा काय संबंध?" एका लोकप्रतिनिधींच्या जनता दरबारातही गेलो. त्यांनी अर्ज वाचला, फोटो काढला आणि पुतळ्याच्या सुशोभीकरणाला किती निधी आणला ते सांगितलं.

तुमच्या जिल्ह्यात काय परिस्थिती आहे? लिहा. पक्षाची जाहिरात मात्र नको.

बार्शीवाला

अगदी अगदी. तुम्ही सांगता त्याच ग्रीक वर्णनात पुढे असंही आहे की हा माल गाड्यांवरून, रस्ता नसलेल्या मोठ्या मुलखातून न्यावा लागे. दोन हजार वर्षांत रस्त्याच्या बाबतीत आपण परंपरा सोडलेली नाही.

बाकी भोकरदनला जाऊन या. प्राचीन भोगवर्धन. सांची-भरहुतच्या दानलेखांत तिथल्या लोकांची नावं आहेत, आणि आज गावात कुणाला विचारलं तर "कसलं उत्खनन?"

भगवा_सह्याद्री

धागाकर्त्याला नाव बदलल्याचं दुःख दिसतंय. निजामाचं नाव पुसायला ७५ वर्षं लागली, ते काम कमी आहे का? माती-खापरं कुठे पळून जात नाहीत. आधी अस्मिता, मग बाकीचं.

तेरणाकाठ

@भगवा_सह्याद्री, दुःख नाही हे वर लिहिलंय. आणि खापरं पळून जात नाहीत हे खरं, ती ट्रॉलीत भरून नेली जातात.

मुंबई_लोकल

पक्षफोडी फक्त आत्ताची नाही हो. १९७८ला काय झालं होतं? वसंतदादांचं सरकार कोणी पाडलं? तेव्हाचे आज सात्त्विक संतापाने बोलतात ते ऐकवत नाही. सगळ्यांचे हात बरबटलेले आहेत.

भगवा_सह्याद्री

झालं, आला व्हॉटअबाउटरी घेऊन.

संपादक

१९७८ आणि २०२२ यांच्यावर प्रत्येकी डझनभर धागे आहेत, कृपया तिकडे जाऊन भांडावे. इथे तेर.

बार्शीवाला

@संपादक, निवडून न आलेला प्रशासक इथेही आहेच म्हणायचा. (हलके घ्या.)

इष्टिका

मी वास्तुकला शिकवते, विद्यार्थ्यांना घेऊन तेरला जात असते, म्हणून थोडी भर घालते.

तिथलं त्रिविक्रम मंदिर बहुतेक लोक बाहेरून बघून परत जातात, कारण बाहेरून चुना-रंग लावलेलं साधं देऊळ दिसतं. मागच्या बाजूला फिरून जा. गाभाऱ्याची पाठ सरळ नाही, अर्धगोल आहे, आणि वरचं छप्पर कार्ले-भाज्याच्या चैत्यगृहासारखं गजपृष्ठाकार आहे. फरक एवढाच, की तिथे ते डोंगर कोरून केलंय आणि इथे विटा रचून. चैत्यगृहाची विटांची इमारत छपरासकट उभी असणं ही भारतात हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी गोष्ट आहे. आंध्रात चेझर्लाचं कपोतेश्वर मंदिर हे त्याचं भावंड म्हणता येईल. पुढचा सपाट मंडप नंतरचा, तो जोड सहज ओळखू येतो.

उत्तरेश्वराचं देऊळही विटांचं. त्याची कोरीव लाकडी दारचौकट आता गावातल्या संग्रहालयात ठेवलीय. लाकूड आपल्या हवेत इतकी शतकं टिकत नाही, त्यामुळे नुसत्या त्या चौकटीसाठीही जाण्यासारखं आहे. आणि तेरच्या 'तरंगणाऱ्या' विटा ही अफवा नाही. मातीत भुसा-तूस मिसळून भाजलं की तूस जळून जातं आणि आत बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे वीट पाण्याहून हलकी होते. वरच्या भागाचं वजन कमी ठेवायची ती युक्ती. तेलंगणात रामप्पा मंदिराच्या शिखरातही अशाच विटा आहेत. त्या मंदिराला २०२१मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि विटांचं कौतुक सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आलं. तेर त्याहून कितीतरी जुनं, पण मुलं तिथे पोचली की पहिला प्रश्न येतो, "मॅडम, इथे स्वच्छतागृह कुठे आहे?" त्याचं उत्तर मला कधी नीट देता आलेलं नाही.

प्रज्ञाशील

छान प्रतिसाद. पण चैत्यगृह म्हणताय तर ते मूळ बौद्ध होतं हे स्पष्ट म्हणा ना. कझिन्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञाने शंभर वर्षांपूर्वी तेच लिहिलंय. तेरला विटांचा मोठा स्तूपही उत्खननात निघाला. हे मात्र कुठला नेता भाषणात सांगत नाही.

भगवा_सह्याद्री

म्हणजे आता त्रिविक्रमाच्या देवळावर दावा? शिखर, मूर्ती, पूजा सगळं डोळ्यांसमोर आहे.

प्रज्ञाशील

दावा कोण करतंय? मूळ काय होतं एवढंच म्हणालो. झोंबलं का?

इष्टिका

थांबा दोघंही. कझिन्सचं मत तुम्ही म्हणता तेच होतं. नंतर काही अभ्यासकांनी असंही मांडलं की अर्धगोल पाठीची देवळं त्या काळात ब्राह्मणी परंपरेतही बांधली जात, त्यामुळे आकारावरून धर्म ठरवता येत नाही. मला व्यक्तिशः कझिन्सची बाजू जड वाटते. आणि धाराशिव लेणी घ्याल तर तिथे तिसराच पक्ष आहे. पुरातत्त्वज्ञ बर्जेसच्या मते ती आधी बौद्ध, मग जैन. कनकामर मुनींच्या अपभ्रंश काव्यात, 'करकंडचरिउ'मध्ये, करकंड राजा तेरापूरजवळच्या डोंगरात लेणं आणि पार्श्वनाथाची मूर्ती बघतो. एकाच गावाच्या आसपास बौद्ध, वैष्णव, शैव, जैन आणि वर गोरोबाकाकांची समाधी. मालकीहक्काचा निकाल लावायला बसलात तर न्यायालय कमी पडेल.

कुंभारवाडा

गोरोबाकाकांचं नाव निघालं म्हणून लिहितो. नामदेवांचं मडकं कच्चं निघालं ते याच गावात. आम्ही वारीत लहानपणापासून ऐकत आलो. पण समाधीमागच्या टेकाडात गोरोबांच्या हजारएक वर्षं आधीची मडकी पुरलेली आहेत, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. कीर्तनकारांनी सांगितलं तर लोक ऐकतील. सरकारी फलक वाचतंय कोण?

नापोलीची_माहेरवाशीण

मी नोकरीनिमित्त इटलीत असते. इथल्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती आहे, साधारण वीतभर उंचीची. पाँपेईत १९३८मध्ये सापडली. ज्वालामुखीने इसवी सन ७९मध्ये पाँपेई गाडलं, म्हणजे त्याआधीच ती आपल्याकडून तिथे पोचलेली. पूर्वी तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणत, आता बरेच जण यक्षी म्हणतात. अंगावर दागिनेच दागिने, हात-पाय कड्यांनी भरलेले, पाठीवर मोठी वेणी. दोन्ही बाजूंना छोट्या दासी.

वेणीची घडण नीट बघता यावी म्हणून तिला मागून बघायला जावं, तर माझ्याशेजारी एक इटालियन शिक्षिका मुलांना हेच दाखवत होती. मी तिला मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं की हिची बहीण आमच्या महाराष्ट्रात आहे. तेरच्या संग्रहालयात तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती आहे, आणि भोकरदनलाही त्याच धाटणीचा तुकडा मिळाला. तिने विचारलं, "मग तुमच्याकडे बघायला खूप लोक येत असतील?" मी विषय बदलला.

बार्शीवाला

तेरच्या संग्रहालयाबद्दल एक राहिलंच. ते सरकारने जमवलेलं नाही. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाने ते शासकीय वस्तुसंग्रहालय झालं. मणी, चिनी मातीसारख्या पांढऱ्या केओलिनच्या मूर्ती, रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत केलेली पदकं. एका गावकऱ्याने केलं ते आख्ख्या खात्याला पुढे नेता येऊ नये?

पांढरीवाला

मी तेरचा. आमचं वावर टेकडीला लागून आहे, थोडं टेकडीवरच म्हणा. सगळे प्रतिसाद वाचले. लई चांगलं लिहिता तुम्ही लोक. आता आमचं बी ऐका.

पांढरी माती गाव आजपासून उचलत नाही. आमच्या आजाच्या काळात माळवदावर टाकायला पांढरीच लागायची, ती टाकली की धाबं गळत न्हाई. वावरात खत म्हणून पण तीच. तवा कुणी चोर म्हणलं न्हाई. आता शहरातून कॅमेरा घेऊन माणसं येतात आणि आमच्याकडं असं बघतात की जणू आम्हीच तगर मोडलं.

दुसरं. सायेब येतात, चुना मारून जातात, "इथं विहीर खांदू नका, घर बांधू नका." कागद मागितला की "येईल". सातबारा माझ्या नावाचा, सोसायटीचं कर्ज माझ्या नावाचं, पोराला वाटणीत तेवढंच रान येणार. मी त्यात बोअर घेऊ की नको? मणी सापडला आणि सरकारजमा केला तर मला चहा बी कुणी पाजत न्हाई. बाहेरून येणारा माणूस त्याच मण्याचे रोख पैसे देतो. मग पोरं कुणाला देतील?

सरकार कुणाचं बी येऊ द्या, आमच्याकडं तेवढा चुनाच येतो.

इष्टिका

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे.

कलम_३७१

मी वकिली करतो, पण हा सल्ला समजू नका. सामान्य माहिती देतो.

पहिली गोष्ट, कोणती टेकडी किंवा कोणता गट क्रमांक कोणत्या यादीत आहे हे कागदावर बघा. केंद्र संरक्षित असेल तर १९५८चा कायदा लागतो, आणि २०१०च्या दुरुस्तीनंतर भोवती १०० मीटर बांधकामबंदी, त्यापुढे २०० मीटर परवानगीचा पट्टा. राज्य संरक्षित असेल तर १९६०चा महाराष्ट्राचा कायदा. कुठल्याच यादीत नसेल तर चुना मारणाऱ्याच्या तोंडी सांगण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरी, संरक्षित झालं म्हणजे जमीन आपोआप सरकारची होत नाही. केंद्राच्या कायद्यात तर स्पष्ट सवलत आहे की संरक्षित क्षेत्रात शेती करता येते, फक्त वरची एक फुटापेक्षा जास्त माती उकरायची नाही.

तिसरी, जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, हा कायदा १८७८चा. आकडा तेव्हाचाच आहे. पण त्यातच सापडणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या वाट्याचीही तरतूद आहे. ती गावात कुणी सांगत नाही. त्यामुळे दंडाची भीती तेवढी राहते आणि माल बाजारात जातो.

पांढरीवाला

एक फूट? वकीलसायेब, पलटी नांगर एक फुटावर थांबत न्हाई. उसाची सरी काढायची म्हणजे त्याहून खाली जावं लागतं. ज्वारी-हरभऱ्याला चालंल तुमचा एक फूट. मग ज्वारी पिकवायला मला भाव द्या.

मुंबई_लोकल

हे वाचून पहिल्यांदाच कळलं की पुरातत्त्व हा ऊस आणि ज्वारीचा प्रश्न आहे. मराठवाड्यात उसाऐवजी दुसरं काही घ्या असं किती वर्षं तज्ज्ञ सांगतायत, २०१६ला लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तरी ऊस काही हलला नाही. कारण कारखाना म्हणजे राजकारण. आता सांगा संपादक, हा प्रतिसाद उडवणार का?

संपादक

राहू द्या.

भगवा_सह्याद्री

पांढरीवाल्यांचं म्हणणं पटलं. मोबदला मिळालाच पाहिजे. नावाबद्दलचं माझं मत तेच आहे.

तेरणाकाठ

@पांढरीवाला, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. जेसीबीने कापलेलं मी वर लिहिलंय ते तुमच्या वावराबद्दल नव्हतं, ते विटभट्टीसाठी नेलेल्या मातीबद्दल आहे. माळवदावर टाकायला चार पाट्या नेणं आणि रात्रीतून हायवा भरणं यांत फरक आहे हे तुम्हालाही मान्य असेल.

आमदार-खासदारांकडून मी अपेक्षा सोडलीय. पक्ष कोणता हे विचारूसुद्धा नका, कारण उत्तर बदलत राहील. जिल्हा परिषदेचं वर लिहिलंच आहे. पण ग्रामपंचायत आहे. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे चोरायलाही काही नाही. ग्रामसभेत ठराव झाला तर निदान 'तुमचा काय संबंध' हे तरी कुणी विचारणार नाही, संबंध असलेलेच लोक ठराव करतील. तुम्ही मांडाल का?

पांढरीवाला

इटभट्टीवाल्याचं मान्य. तो आमच्या गावचा बी न्हाई.

मांडीन. पण "टेकडी वाचवा" असला ठराव न्हाई मांडणार, पोरं हसतील. तीन गोष्टी लिहा. कोणत्या गटात काय निर्बंध हाय त्याचा कागद ग्रामपंचायतीत लावा. ज्याच्या वावरात निर्बंध, त्याला वर्षाला काहीतरी द्या, नाहीतर बदली जमीन द्या. आणि वस्तू जमा करणाऱ्याला पावती द्या, त्याच्या नावानिशी संग्रहालयात ठेवा. पावती मिळाली तर निम्मे मणी तरी बाजारात जाणार न्हाईत, हे मी लिहून देतो.

कलम_३७१

कायद्याच्या भाषेत मसुदा मी करून देतो. तालुका भूमी अभिलेखातून टेकड्यांचे गट नकाशे आणि खात्याकडची संरक्षित यादी माहिती अधिकारात मागवा, दोन अर्ज वेगवेगळे करा. एकात दोन विषय घातले की परत येतात.

इष्टिका

विद्यार्थ्यांकडून घळीच्या कडेचे फोटो आणि मोजमाप मी करून देऊ शकते, पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा. म्हणजे किती माती गेली ते दाखवता येईल. पांढरीवाले, वावरात पाय ठेवायला तुमची परवानगी लागेल.

पांढरीवाला

या. हरभरा निघाल्यावर या, उभ्या पिकात नको. ग्रामसभा १ मेला असते. विषय आधी ग्रामसेवकाकडं लेखी द्यावा लागतो, तोंडी सांगितलेला ऐनवेळच्या विषयात जातो आणि तिथंच राहतो. मसुदा महिनाभर आधी धाडा, मी सरपंचाच्या कानावर घालून ठेवतो.